बंबातलं पाणी दहा मिनिटांचं

सोलापुरात मोठी आग म्हटली की बहुतेक वेळा ती सुताला लागलेली असते. टॉवेल, चादर, यार्न, चिंधी, यातलं काहीतरी. आणि सुताच्या आगीइतकी चिवट आग दुसरी नाही हे माझं अग्निशमन दलातल्या इतक्या वर्षांच्या नोकरीनंतरचं स्पष्ट मत आहे. ऑइलची आग भडकते, घाबरवते, पण फोम नीट बसला की गप होते. सुताचं तसं नाही. वरनं काळं पडतं, विझल्यासारखं दिसतं, आपण पाईप गुंडाळून स्टेशनला येतो, चहा सांगतो, आणि तासाभरात परत वर्दी, म्हणजे आगीची खबर, त्याच गोडाऊनची.

आता जे सांगतोय ते एप्रिलमधलं. 14 ते 20 एप्रिल आमचा अग्निशमन सेवा सप्ताह असतो. 14 ला सकाळी शहीद जवानांना मानवंदना, 1944 साली मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन जहाज फुटलं त्यात 66 जवान गेले, त्यांच्यासाठी. त्याच दिवशी बाबासाहेबांची जयंती, त्यामुळं दोन मिनिटं शांत उभं राहिलं की लगेच मिरवणुकांच्या बंदोबस्ताला पळायचं. दरवर्षी भाषणात दारूगोळा दारूगोळा ऐकतो. होता की, जवळपास 1400 टन होता. पण त्याच जहाजावर कराचीहून चढवलेल्या 8700 कापसाच्या गासड्या पण होत्या आणि धूर पहिल्यांदा दिसला तो कापसाच्या खणातनं, हे भाषणात कोण सांगतंय? दुपारपासून पोरं पाणी मारत होती, पाणी वरच्यावर आणि आग गासड्यांच्या खाली, चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला. सोलापूरच्या फायरमनला यात वेगळं काही समजावून सांगायला लागत नाही.

तर त्या सप्ताहात साहेबांनी मला एक काम लावलं. शाळेच्या पोरांसाठी प्रदर्शन होतं, त्यात एक बोर्ड, 'आपल्या भागातील अग्निशमनाचा इतिहास'. माझं अक्षर बरं आहे, हा माझा गुन्हा. दोन दिवस ड्युटी सांभाळून इकडनं तिकडनं गोळा केलं. सोलापूरची नगरपालिका 1852 ची, महानगरपालिका 1964 ची, हे सगळ्यांना माहिती असतं. मला मजा वाटली ती 1901 च्या मुंबई इलाख्याच्या म्युनिसिपल कायद्याची, त्यात आग विझवणं हे नगरपालिकेचं सक्तीचं काम म्हणून घातलंय, रस्त्यावरचे दिवे आणि झाडलोट यांच्या शेजारी, एका ओळीत. आणि घरांची छपरं गवताची, चटयांची, पेटणाऱ्या वस्तूंची करू द्यायची नाहीत असा अधिकार पण दिलाय. म्हणजे बंब असो नसो, छप्पर बघा आधी. आपल्याकडच्या जुन्या पेठांमध्ये माळवदी घरं, दगडी भिंती आणि वर मातीचा थर, त्यामुळं घराला घर लागून असलं तरी गवती छपरासारखी आग पळत जात नाही. आतल्या आत तुळया जळतात आणि मग सगळं माळवद खाली बसतं, ते वेगळं दुखणं.

बाकी सोलापूरच्या इतिहासात आग शोधायला गेलं की 1930 चा मे महिना सापडतो. गोळीबार, पोलीस चौक्या जाळल्या, कोर्ट जाळलं, मग मार्शल लॉ, आणि पुढं 12 जानेवारी 1931 ला चार हुतात्म्यांना फाशी. ते सगळं लिहिलेलं आहे आणि लिहायलाच पाहिजे. पण विझवणाऱ्यांचं कोण लिहिणार, ते कधीच कुणाच्या बाजूनं नसतात ना.

बोर्ड अर्धा झाला आणि मी मामांना बोलावलं. मामा आमचे रिटायर्ड लीडिंग फायरमन, ऐंशी ओलांडलेले, महानगरपालिका झाली त्याच्या आगेमागे भरती झालेले. नातू मोटारसायकलवरनं सोडून गेला. मामांनी चष्मा लावला, बोर्ड वरनं खालपर्यंत वाचला आणि म्हणाले,

"काय लिहिलालास बे हे?"

"इतिहास मामा."

"बंब कवा आला लिहिलास. पाणी कुठनं येत होतं ते कुठाय?"

मी म्हटलं पाणी काय, नळाचं. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी पेन बंद केलं आणि वॉचरूममधली, म्हणजे वर्दीचे फोन घ्यायच्या खोलीतली, खुर्ची त्यांना दिली.

मामांच्या उस्तादनं त्यांना सांगितलेलं, ते त्यांनी मला सांगितलं. पूर्वी हातपंप असायचा, चाकावरचा, दोन्ही बाजूला लांब दांडे, एका बाजूचे गडी खाली दाबायचे तेव्हा दुसऱ्या बाजूचे वर, कुणीतरी हाळी द्यायचा म्हणजे ताल चुकायचा नाही. पाईप चामड्याचा, तांब्याच्या रिबिटी मारलेला. त्याला चरबी नाहीतर तेल चोळून ठेवायचं, नाहीतर वाळून तडकतो आणि पाणी आगीपर्यंत जायच्या आत निम्मं रस्त्यावर. पंपाच्या टाकीत पाणी ओतायला माणसं, बादल्या, पखाली. गिरण्यांची सोय स्वतःची असायची, लाल बादल्या, बुडाला गोल, म्हणजे खाली ठेवता येत नाही आणि कुणी धुण्याला पळवत नाही. आणि वर्दी द्यायला गिरणीचा भोंगा.

पण मामांचा आवडता किस्सा तालुक्याच्या एका छोट्या गावचा. तिथल्या नगरपालिकेनं पहिल्यांदाच ट्रेलर पंप घेतला होता, लढाईच्या काळातला, जीपच्या मागं जोडायचा तो, आणि तिथल्या पोरांना शिकवायला मामांना काही महिने पाठवलेलं. दल म्हणजे काय तर ड्रायव्हर हा पाणीपुरवठ्याचा व्हॉल्वमन, फायरमन म्हणजे जकात नाक्याचे दोन शिपाई आणि झाडलोटीचे तीन गडी. वेगळी भरती वगैरे काही नाही. आग लागली की कचेरीतली घंटा बडवायची, मग नाक्यावरचा शिपाई नाका तसाच सोडून सायकल हाणत यायचा, तेवढ्यात दोन बैलगाड्या जकात चुकवून आत, त्यावरनं पुन्हा बोलणी. पहिली वर्दी कडब्याच्या गंजीची. सगळं गाव बघायला. पंप विहिरीवर लावला, सक्शन म्हणजे पाणी ओढायचा पाईप टाकला, इंजिन चालू, आणि पाणी काही धरेना. कुठंतरी हवा खात होता. गंजी पेटलीय, लोक हसायला लागलेत, एक जण म्हणे बंब आलाय तो शेकायला. मामांनी एकेक जोड बोटानं चाचपला, एका जागी वायसर वाळून चिरलेला. शिपायाच्या सायकलचं ट्यूब काढून, पट्टी कापून, ओली करून जोडात बसवली, मग पाणी धरलं. गंजी निम्मी गेली होती. शिपाई आठ दिवस चालत कामावर येत होता.

त्या गावात मामांनी एक वही केली. गावातल्या सगळ्या विहिरी, कुठली किती परस (माणसाच्या उंचीवरचं खोलीचं माप), उन्हाळ्यात पाणी कुठवर, गाडी किती जवळ जाते, पायऱ्या आहेत का, मालक कोण आणि तो रात्री दार उघडतो का. परत आल्यावर सोलापूरची पण तशीच वही केली, कुणी सांगितलं नव्हतं.

एवढं बोलणं झालं आणि फोन. दुपारी एकचा सुमार, बाहेर बेचाळीस डिग्री असेल. पूर्व भागात चिंधीच्या गोडाऊनला आग, वर माळ्यावर माणसं आहेत का माहिती नाही. टर्नआउट झाला, आम्ही निघालो, मामा वॉचरूममध्येच राहिले.

पूर्व भागातली गल्ली म्हणजे एका बाजूला यंत्रमाग, दुसऱ्या बाजूला घरं, मध्ये लावलेल्या मोटारसायकली. गाडी कशीबशी तोंडापर्यंत गेली, पुढं पाईप टाकत पळालो. माळ्यावर कुणी नव्हतं, कामगार जेवायला गेले होते, ते कळल्यावर जरा जीवात जीव आला. खालच्या मजल्यावर कातरण, सुताचा वेस्ट, छताला टेकेल एवढे गठ्ठे, आणि धूर असा पिवळट जाड की दोन फुटांवरचा माणूस दिसेना.

आता हिशोब ऐका. आमच्या गाडीत साडेचार हजार लिटर पाणी. एक ब्रांच, म्हणजे पाईपाच्या तोंडाची नळी, मिनिटाला चारेकशे लिटर खाते. म्हणजे एका ब्रांचला दहा-अकरा मिनिटं, दोन लावल्या तर पाच-सहा. लोकांना वाटतं बंब आला म्हणजे पाणी आलं. दुसरी गाडी मागनं येत होती, टँकर बोलावलेला, पण एक गाडी रिकामी होऊन भरून परत येईपर्यंत आग काय आपली वाट बघत बसत नाही. आजूबाजूला बोअर बक्कळ, प्रत्येक कारखान्यात एक. पण आग लागल्यावर पहिलं काम काय तर महावितरणला सांगून त्या भागातली लाईट बंद करणं, आणि लाईट बंद म्हणजे सगळे बोअर बंद! समोरच्या घरातली एक बाई बॅरलवरचं झाकण काढून म्हणाली हे घ्या की. तेव्हा आमच्याकडं नळ चार-पाच दिवसांनी यायचा, ते तिचं तेवढ्या दिवसांचं पाणी होतं. मी नको म्हणालो.

वॉचरूमला वायरलेस केला, टँकर कुठपर्यंत आलाय विचारायला. त्यानंतर दोनच मिनिटात माझा मोबाईल वाजला. पलीकडं मामा.

"पाणी कुठनं घेलालास?"

"टँकर येतोय मामा."

"टँकर मर दे. मागच्या गल्लीत मारुतीच्या देवळाला लागून वाडा हाय, त्यात बारव हाय. पूर्वेच्या अंगाला पायऱ्या, निम्म्यात कट्टा हाय, पंप कट्ट्यावर ठेव, वरनं वडू नको."

वरनं ओढू नको याला कारण आहे. पंप पाणी खेचतो म्हणजे हवेच्या दाबावर खेचतो, पुस्तकात दहा मीटर लिहिलेलं असलं तरी प्रत्यक्षात सात मीटरच्या पुढं पाणी येत नाही, कितीही मोठं इंजिन लावा. एप्रिलमध्ये पाणी त्याच्या बरंच खाली गेलेलं असतं. म्हणून पंपच खाली न्यायचा. चौघांनी पोर्टेबल पंप उचलला आणि वाड्याच्या दारात गेलो तर दारात अक्का उभ्या, पद्मशाली घरातल्या, सत्तरीच्या, म्हणतात बूट घालून विहिरीत उतरायचं नाही, पूजेची विहीर आहे. आमचा एक पोरगा तापला. मी त्याला मागं केलं, अक्कांना म्हटलं गोणपाट टाका, आम्ही गोणपाटावरनं जातो. त्यांनी स्वतः टाकली गोणपाटं, पायरी पायरीला. भांडत बसलो असतो तर वेळ गेला असता, आणि माझ्या मते त्यांचं काही चुकत पण नव्हतं, ती विहीर बुजली नाही ती त्यांच्या पूजेमुळंच.

कट्टा होता. पंप बरोबर बसला. सक्शन टाकलं, पाणी धरलं आणि अर्ध्या मिनिटात तुटलं. गाळणीला निर्माल्य, प्लास्टिकच्या पिशव्या, एक हार. साफ केलं, पुन्हा तेच. अक्का वरनं बघत होत्या, आत गेल्या आणि बांबूची टोपली घेऊन आल्या, गाळणी टोपलीत बसवून तोंड दोरीनं आवळलं, मग जे पाणी धरलं ते संध्याकाळपर्यंत सोडलं नाही. एक काळजी मात्र घ्यावी लागते, बारव मोठी आणि उघडी असली तरी इंजिनचा धूर खाली साचतो आणि तो वास न येता माणूस आडवा करतो, म्हणून पंपाजवळ कुणाला सलग थांबू दिलं नाही, पाच-पाच मिनिटांनी माणूस बदलला.

विहिरीतनं पाणी गाडीच्या टाकीत, टाकीतनं गाडीच्या पंपानं दोन ब्रांचला. पुढचं काम कंटाळवाणंच, गठ्ठा हुकानं ओढायचा, रस्त्यावर आणून फोडायचा, आतलं लाल दिसलं की भिजवायचं, मग पुढचा. मागावरचे कामगार आमच्याबरोबर ओढत होते, त्यांनाच माहिती कुठला माल कुठं रचलाय. शेजारच्या कारखान्यात नव्या बीम, म्हणजे मागाचं सूत गुंडाळलेले रूळ, लावलेल्या, तिकडं आग गेली नाही. रात्री अकराला शेवटचा गठ्ठा फोडला, आणि त्या रात्री दुसरी वर्दी आली नाही.

प्रदर्शनाच्या बोर्डावर मग मी बंबांच्या फोटोंची जागा कमी केली आणि मामांच्या वहीतली विहिरींची यादी लिहिली. साहेब म्हणाले पोरं हे काय वाचणार. खरं तर पोरांनीच जास्त वाचली, आमच्या वाड्यात पण एक विहीर आहे सर, अशी दोन-तीन पोरं येऊन सांगून गेली, त्यातली एक मामांच्या वहीत नव्हतीच.

नंतर ड्युटीतनं वेळ मिळेल तशी यादी तपासायला घेतली. बऱ्याच बुजल्यात. एक कॉम्प्लेक्सच्या पार्किंगखाली गेली, तिच्यावर स्लॅब आहे. एकीत राडारोडा आहे पण खाली पाणी दिसतं. ज्या चांगल्या आहेत त्यांचा नकाशा करून वॉचरूममध्ये लावला, खोली मीटरमध्ये. मामा बघायला आले आणि पुन्हा वैतागले, म्हणे मीटर पुस, परस लिही, खाली उतरणाऱ्याला मीटर कळत नाही. नव्या पोरांना परस कळत नाही. आता दोन्ही लिहिलंय.