खोक्यावरचं नाव नको, आतली चिप कोणती ते सांगा

लिनक्सवर (विंडोजसारखीच, पण फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम) वायफाय चालत नाही, प्रिंटर ओळखत नाही, असं झालं की लोक लगेच लिनक्सला नावं ठेवतात आणि मला ते अजिबात पटत नाही. ड्रायव्हर म्हणजे सिस्टिमला ते यंत्र चालवता यावं म्हणून लिहिलेला प्रोग्राम. विंडोजचे ड्रायव्हर तरी सगळे मायक्रोसॉफ्ट कुठे लिहितं, बरेचसे चिप बनवणाऱ्या कंपनीनेच लिहून दिलेले असतात. तीच कंपनी लिनक्ससाठी ड्रायव्हर देत नाही, चिपची कागदपत्रंही देत नाही, मग कुणीतरी रात्री जागून ती चिप कशी बोलते ते शोधून काढतं. ब्रॉडकॉमच्या वायफायचं वर्षानुवर्षं हेच चाललं होतं, २०१० मध्ये त्यांनी स्वतःचा ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेला, ड्रायव्हर दिला तेव्हा कुठे बरं झालं. आणि २००७ मध्ये ग्रेग क्रोआ-हार्टमन या लिनक्सच्या मोठ्या डेव्हलपरने कंपन्यांना उघड सांगितलं होतं की फक्त माहिती द्या, ड्रायव्हर आम्ही फुकट लिहून देतो, हवं तर गोपनीयतेच्या करारावर सही पण करतो. म्हणजे पैशाचं कारण तिथेच संपतं.

विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, त्यानंतर परळच्या एका मित्राच्या क्लासमधले जुने पीसी आम्ही लिनक्स मिंटवर (लिनक्सचाच एक प्रकार) नेले कारण विंडोज ११ ला ते प्रोसेसर चालत नाहीत. सगळं नीट झालं, अडलं ते फक्त वायफायच्या डोंगलवर (यूएसबीला लावायचं छोटं यंत्र). कंपनीच्या साइटवर "लिनक्स सपोर्टेड" लिहिलंय, डाउनलोड केलं तर एक झिप, कित्येक वर्षांपूर्वीच्या कर्नलसाठी (लिनक्सचा गाभा, जो हार्डवेअर चालवतो) लिहिलेली, आताच्या कर्नलवर कंपाइलच होत नाही, म्हणजे त्या कोडमधून चालणारा ड्रायव्हर तयारच होत नाही. याला मी सपोर्ट म्हणणार नाही.

असं का होतं ते समजून घ्या, कारण सगळी मेख इथेच आहे. कर्नलच्या आतली रचना सारखी बदलत असते आणि ती तशीच राहील असं वचन कर्नलवाले मुद्दामच देत नाहीत. पण जो ड्रायव्हर कर्नलच्या आत आहे तो, बदल करणारा माणूस स्वतःच दुरुस्त करून देतो. सोसायटीची पाइपलाइन बदलली की आतल्या प्रत्येक खोलीचं कनेक्शन सोसायटीच जोडून देते ना, तसंच, बाहेर राहणाऱ्याने आपलं आपण बघायचं. म्हणून कर्नलबाहेरचा ड्रायव्हर आज चालला तरी पुढच्या अपडेटला बंद पडू शकतो.

त्याच क्लासमधला स्कॅनर मात्र विंडोज ७ च्या काळातला, कंपनीने पुढे ड्रायव्हर काढलाच नाही, तो मिंटवर सेनमुळे (SANE, स्कॅनर चालवणारं लिनक्सचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर) लावल्या लावल्या चालला, काहीही इन्स्टॉल न करता!! कंपनीने सोडून दिलेलं मशीन दुसऱ्या कुणीतरी जिवंत ठेवलंय, मला हे फार मोठं वाटतं.

आता मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात डोंगल घ्यायला जाल तर मॉडेल नंबरवर विसंबू नका. टीपी-लिंकच्या डब्ल्यूएन७२२एन चंच बघा, पहिल्या व्हर्जनमध्ये अ‍ॅथेरॉसची चिप होती जी लिनक्सवर मस्त चालते, दुसऱ्यापासून रिअलटेकची आली, खोक्यावर नाव तेच. दुकानदाराला व्हर्जन विचारा, शक्य असेल तर लॅपटॉप घेऊन जा, तिथेच लावून एलएसयूएसबी (lsusb) कमांड मारा, लावलेल्या डोंगलचा आयडी दिसतो आणि त्यावरून चिप शोधता येते. दुकानदार थोडा वैतागतो पण गर्दी नसेल तर लावू देतो. मीडियाटेकची एमटी७६१२यू मिळाली तर डोळे झाकून घ्या, तिचा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे.

आणि नाही घेतलं तर कंपनीच्या कस्टमर केअरला एक मेल टाकाच, की तुमचा ड्रायव्हर कर्नलमध्ये नाही म्हणून मी दुसऱ्या कंपनीचं घेतलं. मी टाकतो दर वेळी, मॉडेल नंबर आणि व्हर्जन लिहून.