जिंकून हरलेला जॉन्सन
काल रात्री व्हिएतनाम युद्धावर वाचत बसलो आणि झोपेचं पार खोबरं झालं. १९६४ ला दणक्यात निवडून आलेला अमेरिकेचा अध्यक्ष लिंडन जॉन्सन चार वर्षांत इतका गळपटला? जानेवारी १९६८ मध्ये टेटचा, म्हणजे व्हिएतनामी नववर्षाच्या वेळी कम्युनिस्टांनी केलेला मोठा हल्ला झाला, "आपण जिंकतोय" म्हणणारं सरकार तोंडावर आपटलं, मार्चमध्ये न्यू हॅम्पशायर राज्याच्या प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवायच्या मतदानात) जॉन्सनच्याच डेमोक्रॅटिक पक्षातल्या युद्धविरोधी मॅकार्थीने ४२ टक्के मतं खेचली, जॉन्सन ४९ वर, म्हणजे जिंकला हाच पण सगळ्यांना वाटलं हरला. ३१ मार्चला टीव्हीवरच्या लांबलचक भाषणाच्या अगदी शेवटी म्हणाला, मी पुन्हा निवडणुकीला उभा राहणार नाही. ऑगस्टमध्ये शिकागोत आत पक्षाचं अधिवेशन, बाहेर युद्धविरोधी पोरांवर पोलिसांचे दंडुके, सगळं टीव्हीवर. आणि फायदा कोणाला, तर विरोधी रिपब्लिकन पक्षाच्या निक्सनला, तोच निवडून आला! युद्ध चालूच राहिलं.