चाळीसच्या पुढे कण्हणारी गाडी

आवाज पहिल्यांदा आईने ऐकला, मी नाही. २०२२च्या दिवाळीनंतर तिला साताऱ्याहून पुण्याला आणत होतो. ती मागच्या सीटवर, डाव्या बाजूला, मांडीवर चिवड्याचा डबा. लिंब खिंड ओलांडली आणि ती म्हणाली, "अरे, माझ्या पायाखाली कुणी दळतंय का?" मी म्हटलं, रस्ता खडबडीत आहे गं. ती गप्प बसली, पण तेव्हापासून तो आवाज माझ्या कानातून जाईना.

गाडी साधी पेट्रोल हॅचबॅक, नऊ वर्षांची, ९१,००० किलोमीटर झालेली. वेग चाळीसच्या खाली असला की काही नाही. चाळीसला एक बारीक 'ऊंऽऽ' सुरू व्हायचा, साठला तो वर चढायचा, ऐंशीला शेजारच्या इमारतीत बोअरची मोटर चालू असावी तसा घुमायचा. बायकोचं निदान तयार होतं : "चाळिशी ओलांडली की सगळेच कण्हतात." मित्रांना फोनवर रेकॉर्ड करून पाठवलं, तर त्यात नुसता वारा. तरीही तिघांनी मिळून चार निदानं केली. अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारा), टायर, गिअरबॉक्स, आणि 'विकून टाक'.

अल्टरनेटर बाद करणं सगळ्यात सोपं होतं. पार्किंगमध्ये गाडी उभी ठेवून इंजिन तीन हजार आरपीएमपर्यंत नेलं. एसी लावून, एसी बंद करून. काहीच नाही. मग गुरुवारी सकाळी भोसरी एमआयडीसीत गेलो. त्या दिवशी तिथे सुट्टी, रस्ते रिकामे आणि सपाट. सत्तरला क्लच दाबून गाडी न्यूट्रलला टाकली. इंजिन आठशे-नऊशेवर उतरलं, पण ऊंऽऽ तसाच, आणि गाडी जशी मंदावली तसा तोही उतरत गेला. म्हणजे आवाज इंजिनाच्या नाही, चाकांच्या फेऱ्यांशी बांधलेला होता. पट्टा, पुली, अल्टरनेटर, पाण्याचा पंप, सगळे एका झटक्यात सुटले. (हा प्रयोग उतारावर किंवा घाटात करू नये. मी करून बघायचा विचार केला होता, हे कबूल करतो.)

उरले टायर, गिअरबॉक्स आणि चाकांची बेअरिंग, म्हणजे चाक ज्यांच्यावर फिरतं ती गोळ्यांची कडी. टायरवाल्याने पुढच्या टायरवरून हात फिरवला आणि मलाही फिरवायला लावला. एका दिशेने गुळगुळीत, उलट दिशेने करवतीचे दात. "हाच तुमचा आवाज," तो म्हणाला. मला पटलं, कारण दात खरेच होते. पुढचे टायर मागे, मागचे पुढे, वर बॅलन्सिंग, चारशे रुपये. टायरचा आवाज असता तर तो टायरबरोबर जागा बदलायला हवा होता, निदान थोडा तरी बदलायला हवा होता. रतीभर फरक पडला नाही.

मग कंपनीचं सर्व्हिस सेंटर. तिथल्या ॲडव्हायझरने माझ्याबरोबर जेमतेम दीड किलोमीटरची चक्कर मारली, तीही अशा रस्त्यावर की पस्तीसच्या वर गाडी जाईना. परत येऊन त्याने टॅबवर एस्टिमेट काढलं : गिअरबॉक्स उतरवून बेअरिंग सेट बदलणे, बेचाळीस हजार. मी न्यूट्रलचा प्रयोग सांगितला. तो म्हणाला, न्यूट्रलला टाकलं तरी गिअरबॉक्समधला चाकांकडचा शाफ्ट आणि डिफरन्शिअल, म्हणजे दोन चाकांत जोर वाटणारे गिअर, फिरतातच. आता यात तो चूक नव्हता! ते फिरतात. या एका वाक्यामुळे मी दोन आठवडे गोंधळलेला राहिलो. पैसे भरायच्या आधी एवढं मात्र केलं : पुन्हा एका गुरुवारी साठचा वेग तिसऱ्यात, चौथ्यात, पाचव्यात धरून बघितला. तोच सूर. ॲक्सिलरेटर दाबला, सोडला, पुन्हा दाबला. गिअरचे दात किंवा डिफरन्शिअल कुरकुरत असेल तर जोर लावताना आणि सोडताना आवाज सहसा बदलतो. इथे ढिम्म. बेचाळीस हजार खिशातच ठेवले.

निकाल लागला खंबाटकीला. आईला साताऱ्याला सोडून एकटाच पुण्याकडे येत होतो. पुण्याकडे येताना घाट नाही, बोगदा लागतो. आत शिरताना दोन्ही बाजूंच्या काचा खाली केल्या. भिंतीवर आपटून आवाज असा परत आला की गेला महिनाभर मी त्याचं सावत्र भावंडच ऐकत होतो असं वाटलं. आणि तो डावीकडच्या काचेतून जास्त येत होता. बोगद्यातून बाहेर पडलं की तेव्हा ते अपघातांसाठी कुप्रसिद्ध एस वळण लागायचं. तिथे शहाणा माणूस वेग कमी करायचा, मीही पन्नासच्या खाली आलो. वळण उजवीकडे होतं तेव्हा कण्हणं वाढलं. डावीकडे वळलं तेव्हा जवळजवळ बंद झालं. उजवीकडे वळताना गाडीचा भार डाव्या चाकांवर येतो. मी स्टीअरिंगवर बोटांनी हिशोब केला आणि शिरवळला चहाला थांबून पुन्हा एकदा केला. डावी बाजू. पुढचं की मागचं, ते कळेना. ऐकायला तर तो डॅशबोर्डमधूनच आल्यासारखा वाटत होता.

चहावाल्याकडून निघायच्या आधी चाकांजवळ हाताची मागची बाजू नेऊन बघितली. डावं मागचं चाक बाकीच्यांपेक्षा गरम. पण ब्रेक चिकटला तरी चाक गरम होतं, म्हणून त्यावर फार विसंबलो नाही.

धायरीतल्या एका छोट्या गॅरेजचं नाव ऑफिसातल्या एकाने सुचवलं होतं. तिथल्या काकांनी मला वर्णन पूर्ण करूच दिलं नाही. "कसं वाजतंय ते मी ऐकतो की. तुम्ही कधी वाजतंय तेवढं सांगा." सांगितलं. ते डाव्या बाजूच्या मागच्या सीटवर जाऊन बसले आणि मला म्हणाले, चला. बायपासवरून एक फेरी झाली, परत आलो तेव्हा ते काहीही न बोलता जॅक आणायला गेले.

पुढच्या चाकांना दगड लावले, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवली, हँडब्रेक सोडला. "नाहीतर ब्रेकचे लायनर घासल्याचा आवाज येतो आणि माणूस फसतो." डावं मागचं चाक उचललं. वर-खाली धरून हलवलं. खेळ नाही, चाक घट्ट. मी हिरमुसलो. काका म्हणाले, खेळ यायला लागला म्हणजे फार उशीर झाला. मग त्यांनी लांब स्क्रू-ड्रायव्हर घेतला, पातं ब्रेकच्या ड्रमच्या मागच्या पत्र्यावर, अॅक्सलच्या बोल्टजवळ टेकवलं, आणि मूठ माझ्या कानामागच्या हाडाला. दुसऱ्या हाताने चाक हलकेच फिरवलं.

ऐंशीच्या वेगाला अशा गाडीचं चाक मिनिटाला सातशेच्या आसपास फेरे घेतं. इथे काका दोन सेकंदांना एक फेरा देत होते. कण्हणं वगैरे काही नव्हतं. होती ती खरखर, ओल्या वाळूवरून पाटा ओढावा तशी, प्रत्येक फेऱ्यात एका ठिकाणी थोडी जास्त. मग तेच उजव्या चाकाला. तिथे इतकी शांतता होती की मला माझ्याच कानातलं रक्त ऐकू आलं. "माझ्या पायाखाली कुणी दळतंय का?" हे डाव्या बाजूला बसलेल्या आईचं वाक्य महिनाभर माझ्यापाशी पडून होतं.

या गाडीत मागचं बेअरिंग ड्रममध्येच दाबून बसवलेलं असतं. टोपी काढली, नट काढला, ड्रम ओढला. ड्रम घेऊन मी आणि पोऱ्या शेजारच्या लेथवाल्याकडे गेलो, कारण प्रेस त्याच्याकडे. काकांनी मागून ओरडून सांगितलं, "बाहेरच्याच रिंगवर दाब दे रे!" आतल्या रिंगवर दाब दिला तर जोर गोळ्यांमधून जातो आणि नवं बेअरिंग बसवतानाच जखमी होतं. मग महिनाभरात पुन्हा हीच कहाणी.

जुनं बेअरिंग काकांनी माझ्या तळहातावर ठेवलं. सील एका बाजूने उचललेलं, ग्रीसचा रंग गंजलेल्या चहासारखा. बोटाने फिरवलं की ते अडखळायचं, थोडं जायचं, पुन्हा अडखळायचं. काकांनी विचारलं, पाण्यात गेली होती का? जुलैत सिंहगड रोडला अर्ध्या चाकापर्यंत पाण्यात अर्धा तास अडकलो होतो. "गरम बेअरिंग एकदम गार पाण्यात गेलं की ते पाणी आत ओढतं," ते म्हणाले. मी विचारलं, मग उजवंही बदलायचं का? "ते गप आहे ना, त्याला कशाला छेडता?"

नवा नट लावून, फडक्यात गुंडाळून ठेवलेला टॉर्क पाना काढून त्यांनी तो आवळला. बेअरिंग ११५०, नट ६०, प्रेस १५०, मजुरी ७००. दोन हजार साठ.

पुढच्या महिन्यात आईला पुन्हा आणलं. बोगद्यात काचा खाली केल्या, तर टायरची साधी गुणगुण, करवतीच्या दातांची, आता मागून येणारी. मी खूश. आई म्हणाली, दळणं थांबलं, पण हे डाव्या दारात काय खुळखुळतंय? मी म्हटलं, नवीन दिसतंय. "नवीन कसलं," ती म्हणाली, "आधीपासूनच आहे. दळणात ऐकू येत नव्हतं."