चियांग माईत आणखी एक वर्ष

थायलंडमधल्या मुक्कामाचं यंदाचं एक्स्टेन्शन मिळालं. विमानतळाजवळच्या इमिग्रेशन ऑफिसात आम्ही दोघं सकाळी लवकर पोचलो आणि दुपारच्या सुट्टीआधी पासपोर्टवर पुढच्या वर्षाची तारीख घेऊन बाहेर पडलो. खिडकीवरचं काम एवढंच असतं. त्याआधी वर्षभर तुमच्या बँक खात्यात काय चाललं होतं यावर सगळं ठरतं, म्हणून आधी बँकेचं सांगतो.

थायलंडमध्ये पन्नाशी गाठलेल्या परदेशी माणसाला नॉन-इमिग्रंट ओ किंवा ओ-ए व्हिसावर निवृत्त म्हणून एकेक वर्ष मुक्काम वाढवून मिळतो. त्यासाठी थाई बँकेत स्वतःच्या नावावर ८ लाख बाट हवेत, किंवा दरमहा ६५ हजार बाट उत्पन्न, किंवा शिल्लक आणि उत्पन्न मिळून वर्षाचे ८ लाख. मी शिलकीचा मार्ग धरला आहे. दरमहा बाहेरून पैसे येतात हे वर्षभराच्या कागदांनी सिद्ध करत बसण्यापेक्षा तो बरा. शिवाय ओ-ए वाल्यांना आरोग्य विम्याचा कागदही जोडावा लागतो; आमचा ओ असल्याने ते झेंगट नाही.

आता ८ लाखांची खरी मेख. ही रक्कम अर्जाच्या आधी दोन महिने खात्यात पडून असावी लागते, आणि शिक्का मिळाल्यावर पुढचे तीन महिने तिला हात लावायचा नाही. उरलेल्या काळात शिल्लक ४ लाखांच्या खाली जाता कामा नये. म्हणजे वर्षातले पाच महिने पूर्ण रक्कम अडकते, आणि बाकीचे सात महिने निम्मी मोकळी. कागदावर ही सवलत वाटते, पण माझं स्पष्ट मत आहे की त्या निम्म्या रकमेच्या मोहात पडू नये. खर्चाचं खातं वेगळं ठेवा आणि इमिग्रेशनचे ८ लाख आहेत तिथेच राहू द्या. रांगेत माझ्यापुढे एक गृहस्थ होते. त्यांनी मधल्या काळात दवाखान्याचं बिल याच खात्यातून भरलं होतं आणि शिल्लक काही दिवस ४ लाखांखाली गेली होती. स्टेटमेंटवर ती ओळ अधिकारी बाईंच्या बोटाखाली बरोबर सापडली. पुढे त्यांचं काय झालं कळलं नाही, पण आत नेलं ते बराच वेळ बाहेर आले नाहीत.

भारतातून पैसे आणणाऱ्यांनी तर याहून आधी हालचाल करावी. एनआरओ खात्यातून (अनिवासी भारतीयाचं भारतातलं खातं) रक्कम बाहेर पाठवायला सीएचं सर्टिफिकेट आणि बँकेचे फॉर्म लागतात, आणि आपल्याकडे मार्चअखेर सीए लोक फोन उचलत नाहीत. दोन महिन्यांचा हिशेब पैसे थाई खात्यात जमा झाल्या दिवसापासून सुरू होतो, पाठवल्या दिवसापासून नाही.

अर्जाच्या दिवशी सकाळी आधी बँक गाठायची. शिल्लक असल्याचं बँकेचं पत्र हवं, पासबुक भरून हवं, आणि दुसऱ्या वर्षापासून बारा महिन्यांचं स्टेटमेंटही मागतात. ते स्टेटमेंट काही शाखांत लगेच मिळत नाही, म्हणून त्याची मागणी आठवडाभर आधी नोंदवून ठेवावी. पासबुकाची एक गंमत आहे. खात्यात बरेच दिवस हालचाल नसली तर शेवटची नोंद जुनी दिसते, आणि अधिकाऱ्याला त्याच दिवसाची शिल्लक बघायची असते. म्हणून मशीनमध्ये १०० बाट भरायचे आणि लगेच पासबुक मशीनखाली सरकवायचं. कर्रर्र आवाज करत आजच्या तारखेची ओळ उमटते आणि काम होतं. वर्षभर पासबुक भरलंच नसेल तर मधल्या नोंदी एकत्र करून एकाच ओळीत छापल्या जातात, मग तपशील दिसत नाही. महिन्यातून एकदा भरून घेतलेलं बरं. तारखा बौद्ध सनाच्या असतात, आपल्या इसवी सनात ५४३ मिळवलेल्या. २०२५ ऐवजी २५६८ दिसलं तर दचकू नका.

बाकी कागद ठरलेले: मुदतवाढीच्या अर्जाचा टीएम ७ फॉर्म, ४ बाय ६ सेंटिमीटरचा फोटो, पासपोर्टच्या फोटोच्या, व्हिसाच्या आणि आधीच्या शिक्क्यांच्या पानांच्या झेरॉक्स, भाडेकरार, घरमालकाने दिलेली टीएम ३० ची पावती (परदेशी माणूस आपल्याकडे राहतो असं त्याने इमिग्रेशनला कळवल्याची). पासबुकाच्या झेरॉक्स आजची ओळ उमटल्यावरच काढायच्या. प्रत्येक झेरॉक्सवर निळ्या शाईने सही. निळ्या शाईचं पेन स्वतःचं न्यावं. रांगेत मागितलं की ते फिरत फिरत भलत्याच देशाच्या माणसाकडे जातं. फी १,९०० बाट, रोख, आणि अर्ज नाकारला तरी परत मिळत नाही.

जुनी मुदत संपण्याआधीच्या तीस दिवसांत अर्ज करता येतो. लवकर गेलं म्हणून दिवस बुडत नाहीत, नवं वर्ष जुन्या तारखेपासूनच मोजतात. त्यामुळे शेवटच्या आठवड्याची वाट पाहण्यात काही अर्थ नाही, विशेषतः तारीख एप्रिलमध्ये येत असेल तर. सोंगक्रानला, म्हणजे थाई नववर्षाला, १३ ते १५ एप्रिल ऑफिसं बंद असतात आणि त्याला जोडून शनिवार-रविवार आला की सगळंच लांबतं. मुदत उलटली तर दिवसाला ५०० बाट दंड आहे. पासपोर्टची मुदतही बघून ठेवा. तो सहा महिन्यांत संपणार असेल तर शिक्काही सहाच महिन्यांचा मिळतो, म्हणून पासपोर्टचं नूतनीकरण आधी उरकावं.

बायकोची फाइल माझ्या फाइलला जोडून जाते. तिच्या नावाने आणखी ८ लाख अडकवावे लागत नाहीत, पण लग्नाचा दाखला प्रमाणित करून, थाईत भाषांतर करून, थाई परराष्ट्र खात्याचा शिक्का मारून आणावा लागतो. हे काम पहिल्या वर्षी जिवावर येतं. माझी मुदत गेली तर तिचीही जाते, तेव्हा दोघांच्या तारखा एकच ठेवलेल्या सोयीच्या.

शिक्का मिळाल्यावर घरी पळू नका. त्याच इमारतीत टीएम ८ भरून री-एन्ट्री परमिट घ्या: एका खेपेचं १,००० बाट, कितीही खेपांचं ३,८००. ते न घेता देशाबाहेर पाऊल टाकलं की वर्षभराचा मुक्काम रद्द होतो आणि सगळं पहिल्यापासून. फेब्रुवारी-मार्चमध्ये शेतं-जंगलं जाळल्याचा धूर दाटला की चियांग माईतले निम्मे म्हातारे बाहेर पळायच्या तयारीत असतात. घाईत नेमकं हेच राहून जातं.

आणि दर ९० दिवसांनी पत्ता कळवायचा तो वेगळाच. एक्स्टेन्शन मिळालं म्हणून तो चुकत नाही. पंधरा दिवस आधीपासून सात दिवस नंतरपर्यंत टीएम ४७ भरता येतो, ऑनलाइनही चालतो. चुकला तर २,००० बाट. देशाबाहेर जाऊन आलात तर मोजणी परतल्या दिवसापासून नव्याने सुरू होते, तेव्हा कॅलेंडरवरची जुनी खूण खोडून नवी करा.