चार क्विंटलची यादी

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्यात माझं खेळाच्या सामानाचं दुकान आहे. हिवाळ्यात कबड्डीचे सामने लागले की ट्रॉफ्या, जूनमध्ये शाळेचे बूट आणि ट्रॅकसूट, आणि बारा महिने टेनिसचे चेंडू, यावर आमचं चालतं. आमच्या भागातल्या शाळांत सॉफ्टबॉल, म्हणजे बेसबॉलसारखाच खेळ, खेळतात म्हणून तेही सामान थोडंफार ठेवतो. पण 'ती बेसबॉलची बॅट दाखवा' म्हणत जे गिऱ्हाईक येतं, त्यातल्या बऱ्याच जणांचा खेळाशी काडीचा संबंध नसतो. त्यांना ती जीपच्या सीटखाली ठेवायची असते. त्या बॅटा बनतातही त्याच कामासाठी. जड लाकूड किंवा लोखंडी नळी, वर भडक रंग. मैदानावर तिचा उपयोग शून्य. मी त्या ठेवणं बंद केलं तर शेजारचा हार्डवेअरवाला ठेवायला लागला, तो भाग वेगळा.

त्यामुळे एका बाजाराच्या दिवशी एक बाप तेरा वर्षांची पोरगी घेऊन आला आणि 'बॅट पायजे' म्हणाला, तेव्हा पोरीकडे पाहून मला बरं वाटलं. 2024 ची दिवाळी नुकतीच झाली होती. पहिल्या वेच्याचा कापूस घरात येऊन काहींनी विकलाही होता. या गृहस्थाच्या खिशात चुकाऱ्याचे पैसे होते, आणि ते तो दर दोन मिनिटांनी खिशावरून हात फिरवून तपासत होता.

"पोरगी राज्याले खेळाले चालली भाऊ," तो म्हणाला. "पुण्याच्या भाच्यानं मोबाईलवर पाहून यादी करून देल्ली. एवढं सामान द्या."

यादी वहीच्या पानावर होती, प्रत्येक वस्तूपुढे किंमत. विदेशी कंपोझिट (कार्बनच्या धाग्यांची) बॅट, 34 इंची, सोळा हजार. हेल्मेट साडेतीन हजार. धातूच्या स्पाइकचे बूट साडेचार हजार. बॅटिंगचे हातमोजे अठराशे. बॅग बावीसशे. तीन चेंडू बाराशे. आणि सगळ्यांत शेवटी, जागा उरली म्हणून लिहिल्यासारखा, चेंडू झेलायचा ग्लोव्ह, नऊशे. बेरीज 30,100. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 7,521 रुपये क्विंटल होता. म्हणजे चार क्विंटल कापूस. तोही हमीभाव मिळाला तर. आणि वेचाईची मजुरी, खत, फवारणी यांचा हिशोब बाजूला ठेवून.

यातलं निम्मं सामान मी मागवून दिलं असतं तरी माझा आठवडा निघाला असता. पण ती यादी ज्याने केली त्याला किंमत कळत होती, खेळ कळत नव्हता. सॉफ्टबॉलच्या नियमात बॅटची लांबी जास्तीत जास्त 34 इंच आणि जाडी सव्वादोन इंच चालते. भाच्याने सगळ्यांत मोठी ती सगळ्यांत चांगली असं धरलं. दुकानात मोठ्यांची एक ॲल्युमिनियमची बॅट होती, ती मी पोरीच्या हातात दिली. म्हटलं, एका हातात मुठीला धर, हात खांद्याच्या रेषेत बाजूला सरळ लांब कर आणि तशीच राहा. वीस आकडे मोजेपर्यंत हात हलला नाही तर बॅट झेपते. ती दहालाच थरथरायला लागली. बापाचा चेहरा उतरला. त्याला वाटलं, पोरगी कमी पडली.

"तिचं काही चुकत नाही," मी म्हटलं. "या उंचीच्या पोरीला तीस-एकतीस इंची, सहाशे ग्रॅमच्या आसपासची बॅट लागते. आणि दोन वर्षांत तीही आखूड पडते."

कंपोझिट बॅट हे तर आणखी वेगळं प्रकरण आहे. ती नवीकोरी असताना नीट बोलत नाही. शेकडो फटके हलक्या हाताने मारून ती तयार करावी लागते. थंडीत तिला तडा जाऊ शकतो, आणि एकदा तडा गेला की दुरुस्ती नाही. ॲल्युमिनियमच्या बॅटला पोचा पडतो, तोही दिसतो तरी. सोळा हजारांची वस्तू एका तेरा वर्षांच्या पोरीने गावच्या मैदानावर जपत बसायची, की खेळायचं?

मी तिच्या शाळेच्या सरांना फोन लावला. ओळख होतीच, चेंडू माझ्याकडूनच नेतात. विचारलं, संघाच्या किटमध्ये काय काय आहे? सर म्हणाले, तीन बॅटा आहेत, दोन्ही कान झाकणारी हेल्मेटं आहेत, कॅचरचा मास्क, छातीचं कवच, पायाचे पॅड सगळं आहे. सॉफ्टबॉलमध्ये एका वेळी बॅट धरणारी एकच असते. तिचं झालं की पुढची तीच बॅट उचलते. सगळा संघ दोन-तीन बॅटांवर निभतो. म्हणजे यादीतले बॅट-हेल्मेटचे साडेएकोणीस हजार तिथेच गळाले. बॅटिंगचे हातमोजे मी हातासरशी खोडले. मुठीला दीडशे रुपयांची नवी ग्रिप चढवली की भागतं. बॅगही खोडली. पोरीच्या पाठीवर शाळेचं दप्तर होतं, चांगलं दणकट.

बाप गप्प होता. त्याला आनंद व्हायला पाहिजे होता, पण झाला नाही. उलट संशय आला. "भाऊ, स्वस्तात आटपून ऱ्हायले का तुमी? तिथं बाकीच्या पोरी झ्याक सामान आणतीन, आमची पोरगी मागं नोको पडाले." मग थोडं थांबून म्हणाला, "खेळातून नौकरी लागते म्हणे."

खोटं नव्हतं. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, आणि आमच्या भागातल्या कित्येक घरांत सॉफ्टबॉल शिरला तो त्याच दाराने. त्यात वाईट काही नाही. पण ते प्रमाणपत्र कोणत्या स्पर्धेचं, क्रमांक कितवा, यावर ठरतं, बॅट कोणत्या देशाची यावर नाही. हे त्याला सांगितलं. शिवाय हेही सांगितलं की हा खेळ बायकांसाठी 1996 ला ऑलिम्पिकमध्ये आला, 2008 नंतर बाहेर गेला, टोकियोत परत आला आणि 2028 ला पुन्हा आहे. 2008 ला आणि टोकियोत, दोन्ही वेळा जपानच्या पोरींनी अमेरिकेला हरवून सोनं नेलं. त्याला ते आवडलं. "ज्याचा खेळ त्यालेच पाडलं," म्हणाला.

आता उरला ग्लोव्ह. मी रॅकमधून एक काढून पोरीपुढे ठेवला. तिने तो डाव्या हातात घातला, बरोबर बसला. सहज म्हणून मी तिला दुकानामागच्या मोकळ्या जागेत नेलं, चेंडू टाकला. तिने तो सुरेख झेलला. आणि मग जे केलं ते मी इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं. तिने उजव्या हाताने ग्लोव्ह चेंडूसकट ओढून काढला, काखेत दाबला, डाव्या हाताने आतला चेंडू उपसला आणि त्याच डाव्या हाताने असा फेकला की माझ्या तळहाताला झिणझिण्या आल्या. हे सगळं एका दमात. पुन्हा टाकला, पुन्हा तेच.

"डेबरी हाये थे," बाप मागून म्हणाला. डेबरी म्हणजे डावखुरी. जणू उणं काही सांगतोय अशा आवाजात.

शाळेतले सगळे ग्लोव्ह उजव्या हाताने फेकणाऱ्यांचे, म्हणजे डाव्या हातात घालायचे. तिला कुणी दुसऱ्या हाताचाही ग्लोव्ह असतो हे सांगितलंच नव्हतं, म्हणून तिने आपली रीत काढली होती. बाप म्हणाला, बॅटही डावीच धरते. निंबोळ्या पडायच्या दिवसांत तुराटीने निंबोळ्या मारत बसते. त्याच बॅटिंगवर तिची निवड झाली होती. डाव्या बाजूने मारणारी पोरगी पहिल्या बेसच्या, म्हणजे चेंडू मारून धावत गाठायच्या पहिल्या थांब्याच्या, एक-दीड पाऊल जवळ उभी असते, आणि या खेळात ते पाऊल फार मोठं आहे. बेस ते बेस अंतर 60 फूट. चांगली धावणारी पोरगी ते साडेतीन-चार सेकंदांत कापते. क्षेत्ररक्षणात हिचा एक सेकंद तर ग्लोव्ह काढण्यातच जात होता. सर तिला लांब उभी करत होते, जिथे चेंडू कमी येतो. खरं तर डावखुऱ्या खेळाडूची जागा पहिल्या बेसवर. ग्लोव्ह उजव्या हातात, मैदानाच्या बाजूला, फेकायचा हात मोकळा.

म्हणजे त्या सगळ्या यादीत एकच वस्तू अशी होती जी शाळेकडून, मैत्रिणीकडून, कुणाकडूनही मागून भागणार नव्हतं. तीच यादीत सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत शेवटी. आणि नऊशेचा म्हणजे रेक्झिनचा, उजव्या हाताने फेकणाऱ्यांचा.

डावखुऱ्यांचा ग्लोव्ह नागपूरला फोन करूनही मिळाला नाही. मेरठहून मागवतो म्हणाले, पण तोवर स्पर्धा होऊन जाणार. मग मला माळ्यावरचा आठवला. मेरठच्याच एका खोक्यात कधीतरी चुकून आलेला, 12 इंची, अस्सल चामड्याचा. परत पाठवायचं भाडं परवडेना म्हणून वर टाकून दिला होता. शिडी लावून काढला. धूळ, बुरशीचे पांढरे डाग, टिनाखालच्या उन्हाने चामडं टणक झालेलं, आणि अंगठा व तर्जनीमधल्या जाळीची वादी दोन ठिकाणी तुटलेली.

बापाने तो दोन बोटांत धरला. "जुना माल गयात घालता काय?"

माझ्या दुकानदारीतला हा नेहमीचा प्रश्न आहे, पण त्या दिवशी उत्तर द्यायची गरज पडली नाही. पोरीने ग्लोव्ह उजव्या हातात घातला, मूठ मिटायचा प्रयत्न केला, मिटली नाही, तरी तिने मागच्या जागेत जाऊन स्वतःच चेंडू वर उडवला. झेलला. डावा हात मोकळा आहे हे तिला क्षणभर उमगलंच नाही. उजवी बगल वर करून ती ग्लोव्ह दाबायला निघाली आणि मग थांबून हसायला लागली. "काका, मंग या हाताचं काय करू?"

स्टँडजवळ बसणाऱ्या मोच्याकडे ग्लोव्ह घेऊन मीच गेलो. जाळी त्याने याआधी पाहिली नव्हती, पण उजव्या हाताने फेकणाऱ्यांचा ग्लोव्ह नमुना म्हणून शेजारी ठेवला तसं उलटं मोजत त्याने नवी वादी ओवून दिली. दीडशे रुपये घेतले, बापाने दिले. चामड्याला खोबरेल तेलाचा हलका हात फिरवला. जास्त पाजलं की ग्लोव्ह जड होतो. घरी काय करायचं तेही सांगितलं. रात्री चेंडू मधल्या खळग्यात ठेवून जुन्या लुगड्याच्या पट्टीने घट्ट बांधायचा, पाण्यात बुडवायचा नाही, उन्हात किंवा टिनाखाली ठेवायचा नाही, आणि रोज शंभर-दोनशे झेल घ्यायचे. भिंतीवर टेनिसचा चेंडू मारून घेतले तरी चालतील.

12 इंची म्हटल्यावर बाप खूश झाला. त्याला वाटलं, शाळेचा गणवेश घेतो तसा वाढत्या अंगाचा घेतला. इथे ते खपतं. मनगटाचा पट्टा आवळता येतो, आणि एवढाच ग्लोव्ह मोठ्या बायकाही वापरतात. बुटाला मात्र ते चालत नाही. तो पुढे एक नंबर मोठा मागत होता, मी दिला नाही. आत पाय सरकला की घोटा गेला. धातूचे स्पाइक या वयोगटात वापरूच देत नाहीत. फुटबॉलचे रबरी स्टड साडेसहाशेत दिले. आमच्या काळ्या मातीत ते चांगली पकड घेतात. चेंडू दोन दिले, सातशेचे, कारण सरावाचा चेंडू मऊ पडला की झेलण्याचा अंदाज बिघडतो. ग्लोव्हचे माझ्या खरेदीचे चौदाशे लावले. मी धर्मादाय उघडलेला नाही, आणि फुकट दिला असता तर त्याने घेतलाही नसता. मोच्यासकट एकोणतीसशे. उरलेले पैसे त्याने पुन्हा मोजून आतल्या खिशात ठेवले. बियाण्याच्या दुकानाची उधारी आज फेडून टाकतो म्हणाला. भाच्याला काय सांगायचं, ही तेवढी त्याला काळजी होती.

स्पर्धेत त्यांचा संघ दुसऱ्या फेरीतून परत आला. पोरगी दोन्ही सामने पहिल्या बेसवर खेळली, हे सरांनी फोनवर सांगितलं.

पुढच्या महिन्यात तो बाप परत आला. सोबत गावातलीच एक बाई आणि तिची पोरगी, तीही डावखुरी. तिलाही तसाच ग्लोव्ह पाहिजे होता, आणि तेवढ्याच पैशात. मी सांगितलं, आता मेरठचा नवीन येईल, अठ्ठावीसशेच्या खाली बसणार नाही. बाईने त्याच्याकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे. मग वर छताकडे बोट दाखवत म्हणाला, "माळ्यावर अजून एकडाव पाहा न भाऊ."