तुम्ही विचारलंत म्हणून: पाखऱ्याला एवढ्या लवकर खच्ची का केलं

"ताई, दोन दातसुद्धा झाला नव्हता की हो. एवढ्या कोवळ्या वयात कशाला केलंत?" मंगळवेढा रोडच्या आमच्या तबेल्यावर येणारा जाणकार माणूस पाखऱ्याच्या मागे वाकून बघतो आणि हेच विचारतो. काहीजण पुढे जाऊन म्हणतात, बाईमाणसाला अंडील, म्हणजे खच्ची न केलेला घोडा झेपत नाही, म्हणून केलं असणार. शाळेत होते तेव्हापासून आबांच्या हाताखाली मी अंडील घोडेच फिरवलेत. झेपण्याचा प्रश्न नव्हता. एकदा सविस्तर सांगते.

लवकर खच्ची केलं की घोड्याची "वाढ खुंटते", असंही लोक म्हणतात. हे आपल्याकडे कुठून आलं, ते मला ठाऊक आहे. खिल्लार खोंडाचं वशिंड भरू देतात, मान जाड होऊ देतात आणि मगच खच्ची करतात, कारण त्याला खांद्यावर ओढायचं असतं. तोच हिशेब लोक घोड्याला लावतात. पण उंचीचं गणित उलट आहे. पायाच्या लांब हाडांच्या टोकाशी मऊ चकती असते, हाड तिथून वाढतं. ती चकती बंद करायला वृषणातले हार्मोन हातभार लावतात. ते लवकर थांबले की चकती जरा उशिरा बंद होते, म्हणजे शिंगरू कणभर उंचच होतं. पुढच्या पायाच्या गुडघ्यावरची चकती साधारण दोन-अडीच वर्षांत मिटते. पाखऱ्या तेव्हा पावणेदोन वर्षांचा होता, त्यामुळे त्याच्या उंचीत त्याने फार फरक पडला असेल असं मला वाटतही नाही. मणक्यांची वाढ पाच वर्षांच्या आसपासपर्यंत चालते. खच्ची केल्याने पाठ मोडेल म्हणणारे लोक दोन वर्षांच्या शिंगरावर वरातीत नवरदेव बसवतात, तेव्हा त्यांना ती पाठ आठवत नाही.

जे जातं ते जातंच. मान तशी कमानदार भरत नाही, जबडा रुंद होत नाही, अंगावर ते मांस चढत नाही. अकलूजच्या बाजारात गेले की अंडील घोड्यांच्या मानेवरून माझीही नजर हलत नाही. भावही कमी येतो, तो मला सोसावा लागणार आहे.

आता बादलचं सांगते, कारण त्याच्याशिवाय हे कळायचं नाही.

बादल आबांचा जीव. सहा वर्षांचा, अंडील, हलगीच्या ठेक्यावर पाय उचलायचा तेव्हा अख्खी वरात थांबायची. त्या उन्हाळ्यात एका वरातीत पुढे दुसऱ्याची घोडी होती, माजावर आलेली. बादलने वास घेतला, खिंकाळला आणि दोन पायांवर उभा राहिला. नवरदेव आधीच खाली उतरला होता, हे नशीब. आबांनी लगाम सोडला नाही, तेव्हा त्याने आबांचा हात कोपराखाली धरला. घोडा चावतो तेव्हा कातडी फाटते एवढंच नाही, आतलं मांस चेचतं. दोन बोटं त्यांना नंतर कधीच पूर्ण मिटता आली नाहीत.

बादलला खच्ची करायचं ठरलं, आणि आबा दिवाळीपर्यंत थांबायला तयार नव्हते. मे महिना, माश्यांचा कहर. डॉक्टरांनी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, भूल देऊन आडवा पाडला, सगळं रीतसर केलं. शीर चेपून कापतात, जखम उघडीच ठेवतात, आतलं पाणी निचरावं म्हणून. जाताना मला म्हणाले, "रक्ताचे थेंब मोजता येतायत तोवर घाबरू नका. मोजता येईनात, तर लगेच फोन करा."

मी मोबाईलची बॅटरी लावून बादलच्या मागे बसले आणि मोजत राहिले. आधी थेंबांमध्ये श्वास घ्यायला जागा होती. मग ती कमी होत गेली. रात्री कधीतरी मधलं अंतरच गेलं, धार लागली, आणि मागच्या पायाच्या आतल्या बाजूने खुरापर्यंत ओघळ आला. सहा वर्षांच्या घोड्याची शीर जाड असते, चेपलेली पुन्हा सुटते. डॉक्टर परत आले, मी बॅटरी धरली, त्यांनी आत हात घालून शीर शोधली, चिमट्यात धरली, पट्ट्या कोंबल्या. आबा तबेल्याच्या दारात उभे होते, पण आत आले नाहीत.

बादल जगला. सूज मात्र पोटापर्यंत चढली. सूज उतरायला घोडा चालवावा लागतो आणि त्याला पाऊल टाकवत नव्हतं. माझा भाऊ पुढून ओढायचा, मी मागून हाकायची. जखमेत किडे पडले, तेही काढले. आणि एवढं सोसून चार महिन्यांनी घोडी दिसली की तो तसाच अंगावर जायचा. वरातीला पुन्हा कधी नेला नाही, शेवटपर्यंत आमच्याच दावणीला राहिला.

त्यानंतर मी सगळ्यांना सांगत सुटले, सहाव्या महिन्यातच उरकून टाका, सवय लागायच्या आत. डॉक्टरांनी मला यावरही अडवलं. 1985 साली कॅलिफोर्नियात घोडेमालकांना विचारून पाहणी झाली होती. लवकर केलेले असोत की उशिरा, 20 ते 30 टक्के घोडे नरासारखे वागत राहतात, असं त्यात दिसलं. मग बादल बिघडला तो वयाने की स्वभावाने? तेव्हाची मी ठामपणे वयाने म्हणाले असते. आज तसं म्हणवत नाही. जाड शिरेबद्दल मात्र मला कुणी काही पटवून देऊ नये.

पाखऱ्यालाही सहाव्या महिन्यात करणार होते. डॉक्टरांनी चाचपलं तर एकच गोळी, म्हणजे वृषण, हाताला लागली, दुसरी वर पोटाकडेच अडकलेली. एकच काढली असती तर दिसायला खच्ची आणि रक्तात नर, असा घोडा झाला असता. पुढे कुणीतरी भरवशाने विकत घेतला असता आणि त्याच्या हाताचं आबांच्या हातासारखं झालं असतं. म्हणून एक दिवाळी जाऊ दिली. दुसऱ्या हिवाळ्यात दोन्ही सापडल्या, माश्या नव्हत्या, चिखल नव्हता, तेव्हा केलं. संध्याकाळपर्यंत थेंब थांबले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला आवारात फिरवला, आणि तोबऱ्यातला हरभरा त्याने संपवला.

मग वय कोणतं, असं विचाराल. दोन्ही गोळ्या हाताला लागल्यात, थंडी आहे, धनुर्वाताची लस झालीय, आणि शिंगरू अजून तुमच्या हातून चालतंय, तर मी त्याच वर्षी करेन. आमच्या बिजली घोडीचं शिंगरू आता चार महिन्यांचं आहे, दोन्ही उतरल्यात. त्याची मान बघून एक गिऱ्हाईक आत्ताच म्हणतंय, "ठेवा की अंडील, आम्ही घेतो." पैसा मलाही हवाय. त्याच्या घरी पोरंबाळं आहेत का, एवढं मी त्याला विचारलंय. अजून उत्तर आलेलं नाही.