तुम्ही विचारलंत म्हणून: तुंगनाथचं रोप का नाही आणलं?

उत्तराखंडातल्या तुंगनाथच्या डोंगराचे फोटो दाखवले की इथे इंदूरला कोणी ना कोणी विचारतंच, "काकू, एवढं आवडतं तर एखादं रोप का नाही आणलंत? आपल्याकडेही थंडी पडते की!" विचारण्यात माया असते, म्हणून नीट सांगते.

फोटोतलं ते जांभळ्या फुलांच्या गोल गुच्छाचं झाड म्हणजे प्रिम्युला डेंटिक्युलाटा. अफगाणिस्तानपासून चीनपर्यंत, साधारण १५०० ते ४५०० मीटर उंचीवर ते रानात उगवतं. गढवालात चोपत्याहून तुंगनाथला चढताना एप्रिल-मेमध्ये बर्फ नुकतंच ओसरलेल्या जागी ते दिसतं. बुग्यालाचं, म्हणजे तिथल्या उंचावरच्या कुरणाचं, गवत तेव्हा तपकिरीच असतं.

हिवाळ्यात त्याची पानं झडतात आणि जमिनीलगत एक जाड कळी तेवढी उरते. वर बर्फाची दुलई. तिच्याखाली तापमान शून्याच्या आसपास टिकतं, कोरडा वारा कळीपर्यंत पोचत नाही. बर्फ वितळलं की पाणी मुळांशी झिरपत राहतं; ओल कायम, पण पाणी तुंबत नाही. आपल्याकडे जानेवारीतली थंडी फेब्रुवारी सरता सरता जाते आणि मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. शब-ए-मालवाचं, म्हणजे आपल्या माळव्यातल्या गार रात्रीचं, कितीही कौतुक असो, त्या मुळांना आपली उन्हाळ्यातली रात्रही सोसणार नाही.

समजा, कुणी थंड खोली करून ते जगवलंच, तरी मी आणणार नाही. या फुलांच्या दोन तऱ्हा असतात. एका झाडाच्या फुलात मधली स्त्रीकेसराची दांडी लांब असते, तिचं टोक फुलाच्या तोंडाशी येतं आणि परागकोश आत खोल राहतात. दुसऱ्या झाडात नेमकं उलट. एका झाडावर सगळी फुलं एकाच तऱ्हेची. लांब दांडीच्या फुलाला आखूड दांडीच्या फुलाचे पराग मिळाले, किंवा उलट झालं, तरच बी चांगलं धरतं. डार्विनने १८६२ साली प्रिम्युलाच्या जातींवर हे दाखवून दिलं. म्हणजे एक रोप उचललं की जोडीतलं एकच आलं. दोघांमध्ये ये-जा करणारे कीटक तर तिथेच राहिले. मला आवडतं ते हे सगळं मिळून. नुसत्या झाडाचं मी काय करू?

शिवाय तो भाग केदारनाथ वन्यजीव अभयारण्याचा आहे. तिथून झाड उपटून आणणं हा गुन्हाच.

त्यापेक्षा तुम्हीच चला. हरिद्वारपर्यंत रेल्वे, पुढे रुद्रप्रयाग, ऊखीमठ करत चोपता. वाटेवर फूल दिसलं की तोडू नका, गुडघे टेकून त्याच्या तोंडात बघा. मधोमध एकच हिरवट ठिपका दिसला तर लांब दांडीचं, परागकोशांचं कडं दिसलं तर आखूड दांडीचं. मग शेजारचं झाड बघा.